कागदावर ६ लाख नफा, मग खात्यात ४० हजारच का?

प्रश्न: नमस्कार. माझा पॅकिंगचे खोके बनवायचा छोटा धंदा आहे, तीन माणसं कामाला आहेत. मागच्या वर्षी विक्री २८ लाखांवरून ३६ लाखांवर गेली आणि हिशोब बघणारे म्हणतात ६ लाख नफा झाला. पण वर्षाच्या सुरुवातीला बँकेत दीड लाख होते ते आता ४० हजारांवर आलेत. पगाराच्या आठवड्यात मला झोप लागत नाही. घरचा आणि धंद्याचा खर्च एकाच खात्यातून चालतो, हिशोब वर्षातून एकदाच होतो, तोपर्यंत बिलं पिशवीत पडून असतात. वर्षाला २० लाखांचा कच्चा माल लागतो, मध्ये ५ टक्के स्वस्त मिळाला म्हणून जास्तीचा कागदही भरला. पैसे मागायला संकोच वाटतो, संबंध बिघडतील अशी भीती. लवकर पैसे देणाऱ्यांना सूट द्यावी का? कोणी म्हणतं कर्ज काढ, कोणी म्हणतं सॉफ्टवेअर घे, मला वाटतं विक्री वाढली की सगळं सुरळीत होईल. नफा खरंच झालाय का, आणि झाला असेल तर गेला कुठे? दोन्ही वर्षांचे ताळेबंद आणि उधारीची यादी सोबत पाठवतेय.

उत्तर:

ताई, आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो कारण झोप त्यानेच उडवलीय. नफा झालाय, खरा झालाय, धंद्यात खोट नाही आणि कोणी पैसे खाल्लेलेही नाहीत. पैसे कुठे गेले ते तुम्ही पाठवलेल्या ताळेबंदातच (वर्षाअखेरीला येणं, देणं, माल आणि शिल्लक किती ते दाखवणाऱ्या पत्रकात) आहे, फक्त नफा-तोटा पत्रकात ते दिसत नाही आणि दिसणारही नाही, कारण तुम्ही माल पाठवून बिल केलं की ते पत्रक त्याच दिवशी विक्री धरतं, मग पैसे उद्या येवोत नाहीतर चार महिन्यांनी. कर्जाच्या हप्त्यातलं फक्त व्याज त्यात खर्च म्हणून येतं, मुद्दल येत नाही. तुम्ही घरासाठी काढलेले पैसे येत नाहीत, गोडाऊनमध्ये पडलेला माल येत नाही. बँकेतून मात्र हे सगळं जातं.

तुमचेच आकडे घेऊन बसूया, आणि प्लीज हे नुसतं वाचू नका, वही घेऊन माझ्याबरोबर मांडा. नफा ६ लाख. त्यात १ लाख घसारा (मशीन जुनं होत जातं म्हणून दरवर्षी खर्चात धरलेली रक्कम) वजा झालेला आहे, पण घसाऱ्यापोटी या वर्षी कोणाला पैसे दिलेले नाहीत, मशीन घेतलं तेव्हाच ते गेले, म्हणून तो परत मिळवायचा, झाले ७ लाख. आता उधारी बघा, मागच्या वर्षाअखेर पार्ट्यांकडून यायचे ३ लाख होते, या वर्षी ६ लाख २० हजार आहेत, म्हणजे ३ लाख २० हजार तुम्ही नफ्यात धरले पण हातात आले नाहीत, उरले ३ लाख ८०. शिल्लक माल ८० हजारांचा होता तो २ लाख २० हजारांचा झाला, १ लाख ४० हजार कागदाच्या गठ्ठ्यांत गेले, उरले २ लाख ४०. कच्चा माल देणाऱ्यांचं देणं ९० हजारांवरून १ लाख ७० हजारांवर गेलं, म्हणजे ८० हजार त्यांचे तुमच्याकडे थांबले, ते मिळवा, ३ लाख २०. कर्जाचं मुद्दल दीड लाख फिटलं, उरले १ लाख ७०. घरासाठी उचल २ लाख ८० हजार. आता वजाबाकी उणे १ लाख १० हजारावर येते. सुरुवातीचे दीड लाख त्यातून १ लाख १० गेले, राहिले ४० हजार. बँकेत जेवढे आहेत तेवढेच, पैन् पै जुळलं.

मी हे इतकं सविस्तर मांडलं कारण ही वजाबाकी एकदा स्वतःच्या हाताने केली की पैसे कुठे जातात कळत नाही ही भीती जाते आणि कुठे हात घालायचा ते दिसतं. तुमच्या बाबतीत उचल जास्त नाहीये, ६ लाखांच्या नफ्यात पावणेतीन लाख घराला लागले यात काही चूक नाही, तुम्ही उगाच स्वतःला दोष देऊ नका. मुद्दल फिटलं हे तर चांगलंच आहे. दुखणं आहे उधारीत आणि थोडं मालात.

उधारी किती दिवसांची होतेय ते काढायला सोपं गणित आहे, येणं भागिले वर्षाची विक्री गुणिले ३६५. आदल्या वर्षी ३ लाख येणं आणि २८ लाख विक्री होती, म्हणजे ३९ दिवस. या वर्षी ६ लाख २० आणि ३६ लाख, म्हणजे ६३ दिवस. तुमच्या बिलावर लिहिलंय ३० दिवस! लोक दुप्पट घेतायत आणि विक्री वाढली या आनंदात ते लक्षातच आलेलं नाही. या वर्षीही ३९ च दिवस राहिले असते तर येणं ३ लाख ८५ हजारांच्या आसपास असतं, म्हणजे जवळजवळ २ लाख ३५ हजार आज तुमच्या खात्यात जास्त असते आणि हे पत्र तुम्ही लिहिलंच नसतं.

असंच मालाचं काढा, वर्षाला २० लाखांचा कच्चा माल लागतो असं तुम्ही लिहिलंय, २ लाख २० हजारांचा माल म्हणजे ४० दिवस पडून. त्याच गणिताने १ लाख ७० हजारांचं देणं बघितलं तर पुरवठादाराला तुम्ही साधारण ३१ दिवसांनी देता. ४० अधिक ६३ वजा ३१, ७२ दिवस होतात. म्हणजे तुमच्या खिशातून गेलेला पैसा फिरून परत यायला ७२ दिवस लागतात आणि मधले पगार, भाडं, वीज, हप्ता सगळं त्याच्या आधी येऊन दारात उभं राहतं. आणि म्हणूनच विक्री वाढली की तंगी वाढते, नवीन ऑर्डरचा कागद आज घ्यायचा, मजुरी आज द्यायची आणि पैसे अडीच महिन्यांनी. विक्री वाढली की सगळं सुरळीत होईल असं जे तुम्ही पत्रात लिहिलंय ते या ७२ दिवसांत तरी होणार नाही, हे दिवस कमी न करता पुढच्या वर्षी विक्री ४५ लाखांवर नेलीत तर पगाराचा आठवडा आजपेक्षा कठीण जाईल. धंदा फायद्यात असताना बंद पडतो तो असाच पडतो, ऑर्डरी हातात असतात आणि रोकड नसते.

आता वसुली. उधारीच्या यादीतली बिलं मी तारखेप्रमाणे चार खणांत टाकली, ३० दिवसांच्या आतली, ३१ ते ६०, ६१ ते ९० आणि ९० च्या वरची. ९० च्या वर १ लाख ४० हजार आहेत. आणि एकूण ६ लाख २० मधले २ लाख ६० हजार एकाच पार्टीकडे आहेत. ही यादी दर सोमवारी अशीच चार खणांत काढायची, कारण बिल जितकं जुनं होतं तितकं ते यायची शक्यता कमी होते, आणि जुन्या बिलावर मग माल खराब होता, गिनती कमी होती असे वाद निघतात जे पहिल्या आठवड्यात कधीच निघत नाहीत.

पत्रात तुम्ही म्हणता की पैसे मागायला संकोच वाटतो, संबंध बिघडतील. मला हे कळतं, पण नीट बघा, तुम्ही मागत नाही म्हणून ते देत नाहीत असं बहुतेक वेळा नसतं, त्यांच्याकडे बिल कुठेतरी अडकलेलं असतं, कोणाची सही राहिलेली असते, बिलावर ऑर्डर नंबर नसतो म्हणून अकाउंट्सने बाजूला ठेवलेलं असतं. म्हणून माल गेला त्याच दिवशी बिल पाठवा (तुम्ही महिनाअखेरीला सगळी बिलं एकत्र करता, तिथेच सरासरी पंधरा दिवस घालवता), बिलावर "३० दिवस" असं न लिहिता देय तारीख लिहा, ऑर्डर नंबर लिहा, खाते नंबर लिहा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक फोन, तोही मालकाला नाही, त्यांच्या अकाउंट्समध्ये जे बसतात त्यांना: "बिल मिळालं ना, काही शंका नाही ना, पास व्हायला कोणाकडे जातं?" एवढंच. यात पैसे मागितलेच नाहीत तर संकोच कसला? देय तारखेच्या पाच दिवस आधी एक मेसेज, तारीख उलटली की दुसऱ्याच दिवशी फोन, आणि त्या फोनवर "बघतो, करतो" यावर थांबायचं नाही, "कोणत्या तारखेला पाठवताय तेवढं सांगा, मला माझ्या माणसांचे पगार त्यावर लावायचेत" असं सरळ म्हणायचं आणि त्यांनी सांगितलेली तारीख वहीत लिहितेय असं फोनवरच सांगायचं. त्या तारखेला परत फोन. ज्याचा फोन वेळेवर येतो त्याचं पेमेंट आधी निघतं, हे मी इतक्या जणांच्या बाबतीत बघितलंय की याबद्दल मला जराही शंका नाही.

९० दिवसांच्या वरच्यांना नवीन माल देताना जुनं निम्मं तरी आल्याशिवाय गाडी भरायची नाही. नवीन पार्टीला पहिल्या तीन ऑर्डरी तरी ४० ते ५० टक्के ॲडव्हान्स घेऊनच, कारण तुमचे खोके त्यांच्या मापाचे, त्यांचं नाव छापलेले, ते दुसऱ्या कोणाला विकता येत नाहीत, मग ॲडव्हान्स मागणं अगदी रास्त आहे. आणि त्या मोठ्या पार्टीला उधारीची मर्यादा ठरवा, २ लाख म्हणजे २ लाख, त्यावर गेलं की आधीचं येऊ द्या. ती पार्टी चांगली असेलही, पण तुमच्या येण्यातला चाळीस टक्क्यांहून जास्त हिस्सा एकाच्या हातात आहे, तिने दोन महिने उशीर केला तर बाकी सगळ्यांनी वेळेवर देऊनही तुम्ही अडकता.

लवकर पैसे दिले तर सूट द्यावी का असं विचारलंत. देऊ शकता, पण ती किती महाग पडते ते माहीत असू द्या. १० दिवसांत दिलं तर २ टक्के सूट नाहीतर ३० दिवस, ही व्यापारात रूढ अट आहे, आणि त्यात तुम्ही २० दिवस आधी पैसे मिळावेत म्हणून ९८ वर २ सोडता, वर्षाच्या हिशोबाने ते ३७ टक्क्यांच्या आसपास व्याज झालं. तुमच्यासाठी हा शेवटचा उपाय. पण हीच सूट तुमचा पुरवठादार तुम्हाला देत असेल आणि खात्यात पैसे असतील तर जरूर घ्या, तेवढा परतावा दुसरीकडे कुठे मिळणार. याउलट ५ टक्के स्वस्त मिळतो म्हणून एकदम जास्तीचा १ लाख ४० हजारांचा कागद भरलात त्यात वाचले ७ हजार आणि अडकले १ लाख ४० हजार. पुढचे दोन-तीन महिने फक्त ऑर्डर हातात असलेल्या मापाचाच कागद घ्या, पडलेला आधी संपवा.

आता ज्या कामाने तुमची झोप परत येईल असं मला खरंच वाटतं ते काम, तेरा आठवड्यांचा रोकड अंदाज. एक मोठा कागद किंवा साधी एक्सेल शीट, वर १ ते १३ आठवडे, म्हणजे तीन महिने. प्रत्येक आठवड्यात सुरुवातीची शिल्लक, येणार किती, जाणार किती, शेवटची शिल्लक, बस. येणारा आकडा टाकताना बिलावरची तारीख बघायची नाही, ती पार्टी खरंच कधी देते ते बघायचं. ६० दिवसांनी देणाऱ्याला ३० मध्ये टाकलंत तर कागद तुम्हाला फसवेल. उदाहरण म्हणून, पहिला आठवडा सुरुवातीला ४० हजार, येणार ७०, जाणार ५५, शिल्लक ५५ हजार. दुसरा, येणार ३०, जाणार ४५, शिल्लक ४०. तिसऱ्यात येणार ६०, पण पगार ५०, हप्ता १५ आणि कागदाचं पेमेंट ६०, मिळून १ लाख २५, शिल्लक उणे २५ हजार. आज हे तुम्हाला तिसऱ्या आठवड्याच्या गुरुवारी कळतं आणि मग धावपळ, उसनवारी. कागदावर ते तीन आठवडे आधी दिसतं आणि तीन आठवड्यांत खूप काही करता येतं, एका पार्टीला आत्ताच फोन लावता येतो, कागदवाल्याला आधीच सांगता येतं की ६० पैकी ३० वेळेवर देते आणि ३० पुढच्या शुक्रवारी. आधी सांगून उशीर केला तर पुरवठादार समजून घेतो, न सांगता केला की पत जाते आणि गेलेली पत परत मिळवायला फार वेळ लागतो. दर सोमवारी झालेला आठवडा खोडायचा, शेवटी एक नवीन जोडायचा आणि अंदाज व प्रत्यक्ष शेजारी लिहायचं. पहिला महिना अंदाज खूप चुकतील, चुकू द्या, दुसऱ्या महिन्यापासून हात बसतो.

हिशोबाच्या बाबतीत सगळ्यात आधी खातं वेगळं करा, याच आठवड्यात. धंद्याचं एक, घरचं एक. स्वतःला दरमहा ठरलेली रक्कम द्या, सध्या २० हजार धरा, ठरलेल्या तारखेला ट्रान्सफर करा आणि घर त्यातच चालवा, अडीअडचणीला जास्त काढावेच लागले तर काढा पण उचल म्हणून लिहा, खर्चात टाकू नका. तिसरं एक खातं उघडलंत तर अजून चांगलं, बिलात जो कर गिऱ्हाईकाकडून गोळा करता तो आला की लगेच तिथे टाकायचा. तो पैसा तुमचा नाहीच, तुम्ही तो फक्त सांभाळताय, आणि कराची तारीख आली की जी तारांबळ होते ती बहुतेक वेळा हा पैसा पगारात वापरला गेल्यामुळे होते.

मग रोज पंधरा मिनिटं. आलेलं, गेलेलं, कोणाचं, कशासाठी, आणि कागद कुठे आहे. पिशवी बंद, महिन्याची एक फाईल. किरकोळ खर्चासाठी गल्ल्यात ठरलेली रक्कम ठेवा, समजा ५ हजार, प्रत्येक खर्चाची चिठ्ठी त्यातच टाकायची, कधीही मोजलं तरी चिठ्ठ्या अधिक रोख ५ हजारच भरली पाहिजे, आणि संपत आली की चिठ्ठ्यांएवढीच रक्कम परत भरायची. आठवड्यातून एकदा बँकेचं स्टेटमेंट आणि तुमची वही समोरासमोर ठेवून एकेक नोंद टिक करत जा. जे जुळत नाही ते बहुतेक वेळा न वटलेला चेक, बँकेने कापलेला चार्ज किंवा कोणीतरी न सांगता पाठवलेलं पेमेंट असतं. आणि फरक काही केल्या सापडत नसेल तर त्याला ९ ने भागून बघा, पूर्ण भाग गेला तर बहुधा आकड्यांची अदलाबदल झालीय, ५४० चे ४५० लिहिले गेलेत, फरक ९०. तसंही नसेल तर फरकाच्या निम्मी रक्कम वहीत शोधा, ती चुकून जमेऐवजी नावे, म्हणजे उलट्या बाजूला, पडलेली असू शकते. हिशोबनीसांची ही जुनी युक्ती आजही तासन् तास वाचवते.

सॉफ्टवेअर घ्या, हरकत नाही, पण सहा आठवडे वहीत किंवा शीटमध्ये रोज लिहिण्याची सवय लागल्यावर. सॉफ्टवेअर आतून तेच करतं, प्रत्येक व्यवहाराच्या दोन बाजू, कुठून आलं आणि कुठे गेलं, व्हेनिसचे व्यापारी हीच पद्धत वापरायचे आणि लुका पाचोलीने ती १४९४ साली छापून सगळ्यांपुढे मांडली. रोज नोंदच झाली नाही तर महागातलं सॉफ्टवेअरही पिशवीचंच काम करेल. तुमच्या हिशोब बघणाऱ्यांना मात्र वर्षाऐवजी महिन्यातून एकदा बोलवा, थोडे जास्त पैसे द्या, आणि दर वेळी नफ्याचा आकडा सांगितल्यावर वर केली तशी वजाबाकी मांडून घ्या, उधारीचे दिवस किती झाले ते विचारा. ६३ चे तीन महिन्यांत ५० झाले तरी सध्याच्या विक्रीवर सव्वा लाखाच्या वर रोकड मोकळी होते, कर्ज न काढता.

आणि कर्ज. आत्ता लगेच नको, कारण उधारी ६३ दिवसांवर तशीच ठेवून कर्ज काढलंत तर ते पैसेही पार्ट्यांकडे जाऊन बसतील आणि व्याज तुम्ही भराल. नवीन मशीन घ्यायचं झालं तर त्याला मुदतीचं कर्ज घ्या, खेळत्या भांडवलातून, म्हणजे रोजचा धंदा चालवायच्या पैशातून, रोखीने घेऊ नका, पाच-सात वर्षं चालणाऱ्या वस्तूचे पैसे पगाराच्या पैशातून एकदम काढले की महिनोन् महिने भरून येत नाहीत. रोजच्या चढउतारासाठी ओव्हरड्राफ्टची (खात्यात शिल्लक नसतानाही ठरलेल्या रकमेपर्यंत पैसे काढायची सोय) छोटी मर्यादा मंजूर करून ठेवा, पण ती हिशोब नीट झाल्यावर, हातात पैसे असताना मागायला जा, तेव्हा बँक सहज देते, अडचणीत गेलात की शंभर प्रश्न विचारते. मंजूर झाली म्हणून वापरायलाच पाहिजे असं नाही. वापरायची वेळ आली तर तेरा आठवड्यांच्या कागदावर आधी लिहा की ती कोणत्या आठवड्यात, कोणत्या पार्टीच्या पैशातून परत भरणार, आणि ते लिहिता आलं नाही तर ती उचलू नका, त्या दिवशी आधी उधारीची यादी काढून फोन लावायला बसा.